रंगूनची मिरची

बस्त्याव मिरांड बोटीवर स्वैपाकी होता. वर्षा-दीड वर्षानं कधीतरी उत्तनजवळच्या डोंगरी गावात घरी यायचा आणि येताना बायकोसाठी काहीबाही आणायचा. छत्तीस साली त्यानं मिरच्यांचं बी आणलं. बी तीन जातींचं, पण सगळं एकाच रुमालात कालवलेलं. जासिंतानं रुमालाची गाठ सोडून पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं.

“ह्यातलं कुठलं कशाचं?” तिनं विचारलं.

“एक झांझिबारची हाय, एक एडनची, एक रंगूनची. मिरच्या लागल्या का कळंल.”

एवढं सांगून तो बोटीवर निघून गेला. लागल्यावर कळणार होतं हे तिलाही माहीत होतं. पण तोवर रोपं लावायची कशी, कुठली उन्हात, कुठली सावलीत, कुठली एकमेकींपासून लांब, हे कोण सांगणार? मिरचीची रोपं लहानपणी सगळी सारखी दिसतात. जासिंता रोज सकाळी परसात उकिडवी बसून पानं न्याहाळायची आणि हात हलवत परत यायची.

सासू पिदादबाय ओट्यावर बसून सल्ले द्यायची. रुंद पानाची ती गोडी, बारीक पानाची ती जहाल, असं तिचं ठाम मत. त्या वर्षी रुंद पानाच्या झाडाला ज्या मिरच्या लागल्या, त्यातली एक कालवणात पडली आणि घरातल्या सगळ्यांचे डोळे पाझरू लागले. पिदादबायनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, पण मत काही बदललं नाही. ते झाडच खोटं निघालं, असं ती म्हणाली.

एकदा मिरच्या लागल्यावर जासिंतानं ओळखी पटवून घेतल्या. एका झाडाची मिरची लांब, सुरकुतलेली, खाली लोंबणारी. दुसऱ्याची आखूड आणि जाड. तिसऱ्याची बोटाच्या पेराएवढी, आभाळाकडे तोंड करून वाढणारी, पिकली की नारिंगी होणारी. या तिसऱ्या झाडाच्या पेरापेरावर जांभळी छटा होती. बस्त्याव रंगूनच्या बाजारातल्या मिरच्यांची वर्णनं करायचा, तिथल्या चिमुकल्या मिरच्यांनी कसा घाम फुटतो ते सांगायचा. त्यावरून तिनं ठरवलं, ही रंगूनची. लांब ती झांझिबारची, उरली ती एडनची.

पुढच्या वर्षी घोळ नको म्हणून तिनं झाडांना रंगीत चिंध्या बांधल्या. पावसानं सगळ्या चिंध्या एकाच मळक्या रंगाच्या झाल्या, आणि ज्या थोड्या ओळखू येत होत्या त्या सासूनं सोडून दुधीचा वेल मांडवाला बांधला. मग जासिंतानं बुडाशी खुणा ठेवल्या, एकीला कालवाची शिंपली, एकीला शंख, एकीला कौलाचा तुकडा. कोंबड्यांनी उकरून त्याही इकडच्या तिकडे केल्या. वर लांब मिरचीचं म्हणून राखलेलं बी पेरलं, तर त्यातून आखूड आणि भलत्याच तिखट मिरच्या निघाल्या. शेजारीण म्हणाली, मधमाश्या एका फुलावरून दुसऱ्यावर बसतात, त्या जाती राखत नाहीत. जासिंता म्हणाली, मग या घरात जात राखायला मी एकटीच उरलेय.

शेवटी तिनं तिन्ही झाडं परसाच्या तीन कोपऱ्यांत नेली. बियासाठी राखलेल्या फुलांवर ती जुन्या लुगड्याच्या विरविरीत तुकड्याची पिशवी बांधायची. येणारीजाणारी हसायची. मे महिन्यात मसाला कुटायला बायका आल्या की मात्र त्याच लांब मिरच्या मागायच्या.

मग युद्ध लागलं. एक्केचाळीसच्या पावसाळ्यानंतर गावातला एक खलाशी सुट्टीवर आला. बस्त्याव रंगूनच्या बोटीवर चढला, असं त्यानं सांगितलं. नाताळ उलटला आणि एका रविवारी मिस्सा झाल्यावर पाद्रीबाबांनी देवळाच्या दारात वर्तमानपत्रातली बातमी सांगितली, रंगूनवर बॉम्ब पडले. जासिंता घरी आली आणि तिनं भाताचं आधण ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती मुंबईला कंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, बोट चालू आहे, कुठे आहे ते सांगता येत नाही. ती पुन्हा गेली, तिसऱ्यांदा गेली. दर वेळी तेच उत्तर.

त्याच दिवसांत रंगूनच्या झाडावर बोकड्या पडला. पानं होडीसारखी वळली, कळ्या गळू लागल्या. पिदादबायनं ते उपटून टाकायला सांगितलं, नाहीतर रोग बाकीच्या झाडांना लागेल. सांगणं चुकीचं नव्हतं. तरी जासिंता ऐकेना. तिनं ते झाड मुळासकट काढून फुटक्या हंड्यात लावलं आणि घराच्या दुसऱ्या बाजूला, विहिरीपाशी ठेवलं. रोगट फांद्या छाटल्या. पानांवर चुलीची राख टाकली, तंबाखूचं पाणी शिंपडलं, आंबट ताकही शिंपडून पाहिलं. राख टाकताना ती पुटपुटत असायची. कधी झाडाला बोल लावायची, कधी नवऱ्याला, आणि नेमकं कोणाला ते बाजूनं ऐकणाऱ्याला कळत नसे.

“झाडावर इतका जीव कशाला गो?” एकदा सासूनं विचारलं.

“रंगूनचं हाय ते,” जासिंता म्हणाली.

 त्यानंतर भांडी विसळलेलं पाणी पिदादबाय स्वतःच त्या हंड्यात ओतू लागली, नको इतकं ओतायची, आणि त्यावरूनही दोघींची भांडणं व्हायची. झाडाचा नुसता खुंट राहिला. मग एका सकाळी त्या खुंटाला बाजूनं हिरवा फुटवा आलेला दिसला. जासिंता तिथंच खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

बस्त्याव पंचेचाळीसच्या शेवटी आला. वाळला होता, दात पडले होते, बाकी धड होता. बोट रंगूनला पोचलीच नव्हती. वाटेतून फिरवून आफ्रिकेच्या बाजूला नेली आणि युद्धभर शिपाई वाहायला लावली. त्यानं दोन निरोप धाडले होते, एकही पोचला नव्हता. पिदादबाय त्याला धरून रडली. जासिंतानं त्याला जेवू घातलं आणि जेवण झाल्यावर हाताला धरून परसात नेलं. ही झांझिबारची, ही एडनची, असं दाखवत ती शेवटी विहिरीपाशी आली.

“आनि ही रंगूनची. मरत होती. मी जगवली.”

बस्त्यावनं नारिंगी मिरची तोडून हुंगली. “रंगूनची कशावरून?”

“तुमीच सांगितलं.”

“मी? अगो, बोटीच्या कोठारात ज्या मिरच्या यायच्या त्यांचं बी होतं ते. पोती मुंबईतच भरत. झांझिबार न् रंगून मी आपलं बोललो. रिकाम्या रुमालापेक्षा बरं वाटंल म्हणून.”

 जासिंतानं त्याच्या हातातली मिरची काढून घेतली आणि ती घरात गेली. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्याला वाटलं, खोटं बोलल्याचा राग आहे. तो तर होताच. पण ज्या झाडाकडे बघून तिनं चार वर्षं काढली होती, ते मुंबईच्या बाजारातलं निघालं, हे ती कोणाला सांगणार होती? पिदादबायला मात्र कळलं असावं. तिनं लेकाला खडसावलं की आता बोटीवर जायचं नाव काढायचं नाही, आणि बायकोच्या परसात पाणी घालायचं.

तो गेला नाही. पाणीही घालू लागला, पण भर दुपारी, तापलेल्या मातीत. त्यानं दोन वाफे रोपं मारली आणि वर बोटीवर भाजी कशी टिकवतात ते बायकोला ऐकवलं. पुढच्या पावसाळ्यात उत्तनहून कोणी बाई रोपं मागायला आली. जासिंतानं पेरावरची जांभळी छटा बघून चार रोपं वेगळी काढली.

“कुठली गो ही?” बाईनं विचारलं.

बस्त्याव तोंड उघडत होता. जासिंतानं त्याच्या हातात घागर दिली, विहिरीकडे बोट दाखवलं आणि बाईकडे वळून म्हणाली, “रंगूनची.”