राउटरचा खिळा

माझे वडील, अप्पा, गेले आणि त्यांचा हार घातलेला फोटो लावायला हॉलमध्ये खिळा हवा होता. आयता खिळा एकच होता, राउटरचा. काकांनी राउटर उतरवला, फ्रीजच्या मागे ढकलला, त्याची बारीक तार दुमडून कोंबली. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी अर्धापूरहून आणलेला केळ्यांचा घड फ्रीजवर ठेवला. झालं काम.

तो खिळा उगाच तिथे नव्हता. अप्पांचं नांदेडला कापडाचं दुकान होतं. वायफायचं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पण कनेक्शन आलं तेव्हा ते फोन हातात धरून घरभर फिरले, प्रत्येक खोलीत उभे राहून बघितलं आणि घराच्या मधोमध, उंचावर, मोकळ्या भिंतीवर खिळा ठोकला. शेजाऱ्यांच्या घरी राउटर शोकेसमध्ये होता, अंगावर क्रोशाचा रुमाल आणि पुढे स्टीलचे डबे. अप्पा शेजाऱ्यांना म्हणायचे, "अहो, नवरी हाय का ती? घुंगट काढा आधी."

माणूस गेला की त्याचं शहाणपणही भिंतीवरून उतरवायचं, आणि वर त्याच जागी त्यालाच हार घालायचा. मला अजूनही याचा राग येतो.

त्याहून मोठा राग आत्यांच्या नियमाचा. महिना होईपर्यंत आईनं आतल्या खोलीतून हॉलमध्ये यायचं नाही. त्या खोलीत मोबाइलला रेंज कधीच नव्हती. जे काही चालायचं ते वायफायवर. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, लातूरला कमरेचं हाड मोडून अंथरुणावर पडलेली. तिला अप्पांच्या वेळी येता आलं नव्हतं. दोघींना एकमेकींचं तोंड बघून रडायचं होतं, बाकी काही नाही. मावशीचा व्हिडिओ कॉल यायचा, ती "अक्का" म्हणायची आणि उघड्या तोंडानिशी पडद्यावर थिजायची. आई त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत बसायची.

दुरुस्तीला माणूस आला. फ्रीजच्या मागे न वाकताच म्हणाला, "मॅडम, भिंती लई जाड हायत. मोठा प्लॅन घ्या."

भिंती काही या महिन्यात जाड झाल्या नव्हत्या. पाइप चेपलेला असताना टाकी मोठी करा म्हणण्यातला हा प्रकार. राउटरजवळ उभं राहून फोन नीट चालतो आणि आतल्या खोलीत चालत नाही, तर दोष प्लॅनचा नसतो, जागेचा असतो. मधे फ्रीजचं, कपाटाचं लोखंड असेल तर लहर तिथेच अडते. एवढं तपासायला पैसे लागत नाहीत. मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं आणि स्टूल आणलं.

"फोटो उतरवतीस? बापाचा?" आत्या कडाडल्या.

"दुसरीकडे लावते."

"दर्शनी भिंत सोडून? लोक काय म्हणतील गं? लई शिकलीस म्हणून काय झालं?"

मी कधी मोठ्यांसमोर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशीही चढला नाही. "लोक दोन मिनिटं बसून जातात, आत्या. आई तिथे दिवसभर बसलीय."

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "फोटो हिकडं आणा. मी इथं कोंडलेली, ते तिथं टांगलेले, अन् मधी फ्रीज. माझा नवरा हाय तो, लोकांचा न्हाई."

मी फोटो खिळ्यावरून काढला. आत्यांचा भाऊ गेला होता. मला तेही दिसत होतं. त्यांनीच फोटो माझ्या हातातून घेतला, पदरानं काच पुसली आणि आत नेऊन आईच्या मागे कॅलेंडरच्या खिळ्यावर लावला. मी तारेची घडी सोडली, राउटर खिळ्यावर अडकवला. हिरवे दिवे एकेक करून लागले.

मावशीचा कॉल लागला. "अक्का..." ती म्हणाली आणि थिजली नाही. दोघी रडल्या, आवाज मधे कुठेही तुटला नाही. आत्या दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

मग मावशी नाक ओढत म्हणाली, "अक्का, मागं दाजींचा फोटो तिरपा लागलाय बघ. त्यांना तिरपं चालायचं का कधी?"

अप्पा गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली. फोटो सरळ करायला आत्या पुढे आल्या.