त्याच्यासारखाच काळा फूटस्विच

ओल्या हळदीचा वास आला की अजून माझ्या पोटात दुखतं. जाफराबादकडच्या लग्नांत मी ऑक्टापॅड वाजवायचो, पण वाजवायच्या सुपाऱ्या शेजारच्या गावातल्या बँड पार्टीला मिळायच्या. कारण त्यांचा वादक हात न थांबवता पायाखालच्या फूटस्विचनं ताल बदलायचा. जळफळत मी जालन्याचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, पॅडचं मॉडेल सांगा, हरेक स्विच हरेक पॅडला चालत न्हाई." मी म्हणालो, "त्याच्यासारखा काळा द्या, जल्दी!" ऐन हळदीत कळलं, हा स्विच माझ्या पॅडला उलटा चालतो: दाबला की काहीच होत न्हाई, पाय उचलला की ताल बदलतो. मंग काय, मी पाय दाबून उभा आणि ताल बदलायचा तेव्हा बगळ्यासारखा एका पायावर. बायका खूश! "अगं बाई, ह्यो तर नाचत वाजवून राह्यला!" वाटलं, आता सुपाऱ्या आपल्याच. पुढच्या लग्नात बघतो तर शेजारच्या गावचा तो पठ्ठ्याही पाय उचलून वाजवतोय, काही गरज नसताना, आणि माझ्यापेक्षा कितीतरी झोकात! सुपाऱ्या परत त्यालाच. आता माझ्याकडं बराबर जुळणारा स्विच आहे. तरी कुणी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ धाडला की मी आवाज बंद करून बघतो. पण शेवटपर्यंत बघतो.