वर्सोव्याचा देवमासा
त्या दिवशी मला देवमासा दिसलाच नव्हता, हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण डिझेलचा वास आला की सगळं आठवतं. लग्न नवं होतं. अंधेरीहून आम्ही वर्सोव्याला गेलो, बोटीतून बंदराची फेरी मारायला. डिझेलवरची बोट एवढीशी, पण दोन्ही अंगांना फळ्यांची मोठी चाकं. ती धडधडत पाणी उडवू लागली, तशी बायको टाळ्या पिटू लागली, ‘‘अहो, बघा ना!’’ बोट हाकणारा तांडेल ओरडला, ‘‘एका बाजूला गर्दी करू नका रे, दुसरं चाक वर येईल!’’ तिला आणखी खूश करायला मी उगाच ओरडलो, ‘‘देवमासा! तो बघा!’’ सगळे माझ्याकडे धावले. पलीकडचं चाक हवेत गरगरलं, बोट गर्रकन वळली आणि चिखलात रुतली. भिजलेले आम्ही पोट धरून हसत होतो. भरतीबरोबर सुटून धक्क्याला लागलो, तेव्हा मालकाने तांडेलाला सर्वांदेखत कामावरून काढलं. ‘‘शेठ, कोणीतरी देवमासा म्हणून ओरडला,’’ तो सांगत राहिला. मी बायकोला घेऊन गर्दीतून सटकलो. महिन्याभराने कोळीवाड्यात त्याचं घर शोधलं. तो दारात जाळं विणत होता. ‘‘काय पायजे, भाऊ?’’ माफी मागायलाच गेलो होतो; तोंडातून निघालं, ‘‘सुके बोंबील आहेत का?’’