नडगीचं हाड

ओल्या प्लास्टरचा वास आला की मला आमचं खळं आठवतं. धाकट्या भावाच्या हाताचं मोडलेलं हाड काही केल्या जुळेना, म्हणून बालाघाटच्या डॉक्टरांनी त्याच्याच नडगीतून बोटभर लांब हाडाची पट्टी काढून हातात बसवली. "सहा आठवडे या पायावर भार नको," त्यांनी मला बजावलं, आणि मी भिंतीवर कोळशानं बेचाळीस रेघा मारूनही ठेवल्या, रोज एक खोडायला. एकतिसाव्या दिवशी खळ्यात धानाची चुरणी, म्हणजे बैलांनी तुडवून मळणी, चालू होती. पायाची जखम वरून भरली होती आणि भाऊ बाजेवर बसून होता. "मोडला तं हात न रे? मंग पाय काहून धरून बसला? बैल हाकाले एक हात पुरते," मी सगळ्या मजुरांदेखत बोललो. "हौ दादा," म्हणत तो उठला. बैलांमागं तिसऱ्या फेऱ्यात, साधं पाऊल टाकताना, हाड काढलं होतं तिथंच त्याची नडगी कडकन मोडली. पुन्हा प्लास्टर घालून पाय जुळला, पण आखूड. आजही कुणी विचारलं तर तो सांगतो, "बैलानं लोटलं जी." एरवी कुणाच्या हिशेबात एका दिवसाची चूक झाली तरी ती न सोडणारा मी शेजारीच बसलेला असतो, आणि त्याचं ते खोटं तसंच राहू देतो.