घोरणारा पॉवर सप्लाय

काटेवाल्यांचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, आणि ती म्हणजे वजन. उभा जन्म त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला होता. त्यामुळे कलिंगड असो, कुलूप असो की चपला, माणूस आधी हातात तोलून बघणार. लेकीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्यालाही त्यांनी गप्पा मारता मारता काट्यावर उभं केलं आणि "भरतो बऱ्यापैकी" म्हणून होकार दिला. मुलगा नळांच्या कंपनीत विक्रेता होता आणि त्या दिवशी त्याच्या दोन्ही खिशांत पितळी नळांचे नमुने होते, हे पुढे कळलं. तोवर लग्न लागून गेलं होतं.

बायको गेल्यावर काटेवाले लेकीकडे राहायला आले. कसली ददात नव्हती, लेक हातावर झेलत होती, पण झोप म्हणून येईना. कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बायको घोरायची. साधंसुधं नाही. हळू सुरू व्हायचं, चढत जायचं, टोकाला जाऊन खरखरायचं, मग क्षणभर सगळं चिडीचूप, आणि पुन्हा पहिल्यापासून. फारच झालं की काटेवाले झोपेतच तिला कोपराने ढोसायचे, ती कूस बदलायची आणि आवाज खाली यायचा. सगळा संसार त्यांनी त्या आवाजाला नावं ठेवण्यात काढला, आणि आता तो नव्हता तर डोळ्याला डोळा लागत नव्हता.

अशात जावयाने त्यांच्या खोलीत एक यंत्र आणून मांडलं. घरात रिकामा कोपरा तेवढाच होता. लोखंडी मांडणी, तिच्यावर ओळीने ग्राफिक कार्डं, आणि खाली तारांचं जंजाळ.

"हे करतं काय?" काटेवाल्यांनी विचारलं.

"गणितं सोडवतं, बाबा. अखंड. त्याबद्दल आपल्याला नाण्याचा एक तुकडा मिळतो."

"बघू."

"दिसत नाही तो. क्रिप्टो म्हणतात त्याला. सगळं कॉम्प्युटरमध्ये."

"बरं, वजन किती?"

"वजन नसतं त्याला."

काटेवाल्यांनी जावयाकडे नीट पाहिलं. पितळी नळ त्यांना आठवलेच, पण लेकीच्या घरात राहायचं म्हणून ते मूग गिळून बसले.

मग यंत्र सुरू झालं, आणि ते ताठ झाले. कार्डं नुसती गुणगुणत होती. पण खाली ठेवलेला पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन यंत्राला पचेल अशी करून देणारा डबा, त्याचा पंखा झिजला होता. तो हळू सुरू व्हायचा, चढत जायचा, खरखरायचा, थांबायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. काटेवाले जेवून सहज आडवे झाले ते थेट संध्याकाळच्या चहाला उठले. बिनवजनाच्या नाण्याबद्दल त्यानंतर त्यांनी चकार शब्द काढला नाही.

सुख फार टिकलं नाही. एक दिवस खोलीत जळका वास पसरला आणि डबा कायमचा गप्प झाला. लेक पाण्याची बादली घेऊनच आली.

"घर पेटवायचंय का? आता एकच डबा आणायचा, आणि तोही परवडेल असा. तो जळला की हे सगळं धूड भंगारात."

जावयाने अभ्यास केला होता. यंत्र जेवढी वीज खातं, त्याहून डबा चांगला दणकट हवा, म्हणजे त्याला धाप लागत नाही. लेबलावरच्या वॅटवर विसंबू नये, आकडे काय कुणीही छापतो. तिसऱ्याच कुणी तपासून दिलेला शिक्का बघावा, गॅरंटी बघावी. काटेवाल्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीत हुकाचा काटा टाकून जावयाबरोबर निघाले. त्यांना फक्त झोप हवी होती, आणि ती आता बाजारात मिळणार होती.

सुट्या भागांच्या दुकानात त्यांनी एकेक डबा दोरीने हुकाला लटकवायला सुरुवात केली. दुकानदार थक्क होऊन बघत राहिला. जावयाला आवडलेला शिक्क्याचा डबा चांगला भरला, पण किंमत ऐकून दोघांच्याही डोळ्यांसमोर लेकीचा चेहरा आला. तेव्हा दुकानदाराने सगळ्यात खालच्या फळीवरून एक बिननावाचा डबा काढला. लेबलावर वॅट दांडगे, किंमत निम्म्याहून कमी, आणि वजन असं की काट्याचा हूक वाकला.

"याला म्हणतात माल," काटेवाले म्हणाले. "चालवून दाखवा."

यंत्र न जोडताच डबा चालू व्हावा म्हणून दुकानदाराने त्याच्या जोडणीतल्या दोन भोकांत तारेचा तुकडा खोचला. नुसता पंखा फिरू लागला. हळू सुरू झाला, चढला, खरखरला, थांबला. काटेवाल्यांनी चपला काढल्या आणि ते गिऱ्हाइकांच्या बाकावर आडवे झाले.

"हे काय करतायत?" दुकानदाराने विचारलं.

"तपासतायत," जावई म्हणाला. त्याला तरी दुसरं काय सुचणार.

बघता बघता त्यांना गाढ झोप लागली. गिऱ्हाइकं उभी राहून कंटाळली आणि निघून गेली. शेवटी दुकानदाराने बाक मोकळा व्हावा म्हणून किंमत आणखी खाली आणली, आणि जावयाने शिक्का, गॅरंटी, सगळ्यावर पाणी सोडलं.

घरी डबा जोडला. कार्डं कामाला लागली न लागली तोच तो टप्पकन बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. जावयाने झाकण उघडलं. आत चार किरकोळ भाग होते, आणि तळाला चिकटवलेला सिमेंटचा ठोकळा.

काटेवाल्यांनी ठोकळा सोडवला, काट्याला लावला आणि खाली ठेवला. आयुष्यभराचा विश्वास असा तोंडावर आपटलेला पाहणं सोपं नसतं.

"उद्या भंगारवाल्याला बोलावते," लेक म्हणाली.

"यंत्र राहू दे गं," काटेवाले म्हणाले. "एवढं ऐक माझं."

बाबांनी आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हातारपणी यांनाही नाण्यांची हाव सुटली, असं तिला वाटलं, पण तिने नवऱ्याला शिक्क्याचा डबा आणायला मुभा दिली. नव्या सायकलीचा बेत रद्द करून त्याने तो आणला.

डबा उत्तम निघाला. गरम होईना, बंद पडेना.

"आवाज येतोय का, बाबा?" जावयाने अभिमानाने विचारलं. "नाही ना? पंखा फिरतोय तरी कळत नाही. हीच चांगल्या मालाची खूण."

"हो," काटेवाले म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतर त्यांची रयाच गेली. जेवताना घास हातात तसाच राहायचा, बोलता बोलता मान पडायची. डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे. लेकीने हात टेकले.

मग एका दुपारी ती कामावरून लवकर घरी आली. चपला काढताना बाबांच्या खोलीतून आवाज आला, आणि तिचा पाय तिथेच थबकला. आई घोरत होती. लहानपणी पातळ भिंतीपलीकडून ऐकलेला तोच चढ, तीच खरखर, तीच शांतता. तिला रडू आलं, आणि मग तिने दार लोटलं.

काटेवाले पलंगाच्या एका कडेला झोपले होते. दुसऱ्या कडेला, उशीशेजारी, तो बिननावाचा डबा होता. जोडणीत तारेचा तुकडा खोचलेला. सिमेंटचा ठोकळाही त्यांनी आत पुन्हा चिकटवला होता, कारण त्याच्याशिवाय आवाज फार किरटा यायचा. खरखर टोकाला गेली तशी त्यांनी झोपेतच डब्याला कोपराने हलकेच ढोसलं. पंखा अडखळला आणि खालच्या सुरात आला.

लेक पलंगाशेजारी जमिनीवर बसली, आणि बसल्या बसल्या आडवी झाली.

संध्याकाळी जावई घरी आला तेव्हा दोघं गाढ झोपली होती. "हा कशाला चालू ठेवलाय? काही उपयोग नाही याचा," असं पुटपुटत त्याने बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका," लेक डोळे न उघडता म्हणाली. "आईने आत्ताच कूस बदललीय."