आत्याच्या घोड्या

गॅरेजात येणारे सगळेच तिला आत्या म्हणत. सख्खा भाचा मात्र एकच, आणि तिच्याबरोबर गॅरेज चालवता चालवता त्याच्या नाकी नऊ आले होते. कारण ती त्यालाही पुरून उरायची.

तिचा एकच कायदा होता. जॅकने गाडी उचलायची, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. आधी गाडीच्या अ‍ॅक्सलखाली घोड्या, म्हणजे लोखंडी टेकणं लावायची. मग आत्या पाठ फिरवून गाडीला कमरेने सणसणीत धक्का देणार. गाडी ढिम्म राहिली तरच पुढचं काम. या खोडीपायी तिने भाच्याच्या सासुरवाडीला जेवायला बसण्याआधी टेबलालाही धक्का दिला होता. पेले आडवे झाल्यावर वर सासरच्या माणसांनाच सुनावलं, की बरं झालं, आधीच कळलं.

गेल्या आठवड्यात व्हॅनखाली तिचा गुडघा आखडला आणि ती तिथेच अडकली. हाक मारायची तर लाज, म्हणून भाचा बाहेरून येईपर्यंत ती पडल्या पडल्या गाणं गुणगुणत राहिली आणि काहीतरी तपासत असल्याचा आव आणला. भाचा काही दुधखुळा नव्हता. दुसऱ्या दिवशी चारही घोड्या गायब. रंगवायला दिल्यात, असं तो म्हणाला. घोड्यांशिवाय ती खाली शिरणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आत्या दारातल्या खुर्चीवर बसून नटबोल्टचे पाने पुसू लागली. उभा जन्म गाड्यांखाली गेलेला, आणि आता येणारा जाणारा तब्येत विचारत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

अशात एक टॅक्सीवाला घाईघाईने आला. भाच्याने गाडी जॅकवर चढवली, चाकं लावलेल्या फळीवर आडवा झाला आणि सरळ आत सरकला. आत्याने त्याचे घोटे धरून त्याला बाहेर ओढलं. दोन मिनिटांचं तर काम, असं तो कुरकुरला. तिने पाठ फिरवली आणि गाडीला कमरेचा धक्का दिला. जॅक कलंडला, गाडी धाडकन खाली आली.

भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"रंग वाळला का रे घोड्यांचा?" आत्याने विचारलं.

घोड्या शेजारच्या शिंप्याकडे सापडल्या. त्याचं कापायचं टेबल त्यांच्यावर उभं होतं, आणि परत देताना तो हळहळला.

घोड्या लावून झाल्या, धक्का देऊन झाला, तरी भाचा फळी सोडेना. "तू अडकलीस ना, तेव्हा मी फार घाबरलो होतो," तो म्हणाला. "जा खाली. पण गुणगुणणं थांबवायचं नाही. थांबलीस की मी ओढणार."

आत्या खुशीत आत सरकली. थोडा वेळ गुणगुणली आणि मुद्दाम गप्प झाली. बघू तरी किती लवकर ओढतो.

विचार पुरा व्हायच्या आत ती उजेडात होती, खो खो हसत. भाचा हसत नव्हता. तिचे घोटे त्याने अजून घट्ट धरून ठेवले होते.

तिचं हसू विरलं. "ढकल परत," ती हळूच म्हणाली.

यावेळी शेवटच्या नटापर्यंत ती गुणगुणत होती. टॉर्च दातांत धरायची वेळ आली, तेव्हासुद्धा नाकातून.