पास्त्याच्या जागी झुकिनी

झुकिनी कापली की तिला जो वास येतो तो इतका पुसट, की त्याला वास म्हणावं की नुसता ओलावा, असा संभ्रम पडावा. काकडीचा वास कसा धिटाईनं पुढं येतो आणि घरभर हिंडतो. गिलक्याच्या वासात वेलीचा, पिवळ्या फुलाचा, बांधावरच्या कुंपणाचा मागमूस असतो. झुकिनीला असं गाव नाही. हातानं फिरवायच्या त्या छोट्या यंत्राच्या, स्पायरलायझरच्या, दातांवर तिला टेकवावं, मूठ हळूहळू फिरवावी, आणि खालून हिरव्या काठाचा, पांढुरका, थंडगार धागा वेटोळी घेत परातीत उतरत राहावा! पाहताना मन कसं निवांत होतं. त्या धाग्याचा शेवट कुठं आहे हे दिसत नाही, आणि तो लवकर यावा असंही वाटत नाही.

जळगावच्या बाजारात ती आता मिळते. आमची नेहमीची भाजीवाली तिला 'फॉरेनचं गिलकं' म्हणते आणि वांग्यांच्या ढिगाच्या बाजूला, जराशी परक्यासारखी, मांडून ठेवते. भरताची हिरवी वांगी हातोहात उचलली जातात. हिच्याकडे लोक पाहतात आणि पुढं जातात. मी मात्र थांबते. का थांबते, ते सांगायचं तर मला केतकीबद्दल सांगायला हवं.

मी विलासशी लग्न केलं तेव्हा चाळिशी ओलांडली होती. कॉलेजात शिकवण्यात आणि आईवडलांच्या आजारपणात माझी वर्षं सरली होती. विलासची पत्नी शुभांगी अल्पशा दुखण्यानं गेली होती, आणि त्यांची केतकी तेव्हा सातवीत होती. तिनं मला पहिल्या दिवशीच 'मावशी' म्हटलं. कुणी शिकवलं होतं की तिचं तिनंच ठरवलं होतं, मी विचारलं नाही. ती अत्यंत शहाण्यासारखी वागे. वाढलेलं सगळं खाई, ताट उचलून ठेवी, 'तुम्ही बसा, मी घेते' म्हणे. मुलांच्या हट्टानं आया थकतात असं आपण ऐकतो. पण हट्ट न करणारं मूल घरात असणं किती अवघड असतं, हे कुणी सांगत नाही. हट्ट करायलाही समोरच्या माणसावर थोडा अधिकार वाटावा लागतो, नाही का? केतकीला माझ्यावर तो वाटत नव्हता. माझ्या घरात ती पाहुणी होती की तिच्या घरात मी, याचा निवाडा आम्हा दोघींच्याही मनात झालेला नव्हता.

विलासकडून एवढं कळलं होतं की रविवारी शुभांगी पास्ता करायची. पांढऱ्या सॉसचा, भरपूर चीज घातलेला. मीही एकदा केला. केतकीनं तो निमूट खाल्ला आणि 'छान झालाय' म्हणाली. त्या 'छान'मध्ये इतकं सौजन्य होतं की मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

त्याच वर्षी तिचं पोट दुखू लागलं. आधी परीक्षेची भीती वाटली, मग जंत, मग आणखी काही. उंची थांबली, चेहरा पिवळट पडला, जिना चढताना धाप लागू लागली. विलासच्या आई, ज्यांना सारं गावच अक्का म्हणतं, भडगावजवळच्या खेड्यातून येऊन तिला पाहून गेल्या. "पोर वाळीसन काडी व्हयी गयी," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे न पाहता पदरानं डोळे पुसले. त्या न पाहण्यातलं सगळं मला ऐकू आलं. सावत्र आईच्या हाताखाली मूल वाळतं, ही कहाणी सांगायला कुणाला पुरावा लागतो?

अखेर डॉक्टरांनी रक्त तपासलं, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला आणि सांगितलं की गहू हिला सोसत नाही. सिलिॲक नावाचा विकार. औषध काही नाही. पथ्य हेच औषध. पोळी नाही, रवा नाही, मैदा नाही, कणभरही नाही आणि कधीच नाही. ज्वारी-बाजरी चालेल, पण गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेली चालणार नाही. मी घरात वेगळा तवा आणला, वेगळं पोळपाट आणलं, छोटी घरगुती चक्की आणली. आणि मग, एवढ्यानं भागेना म्हणून, एके दिवशी गव्हाचा डबाच रिकामा केला. आम्ही तिघंही भाकरीवर आलो. खानदेशी माणसाला भाकरीचं काय जड! ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. कुणी तक्रार केली नाही. पण रविवार आला की केतकी खिडकीपाशी बसून राही, आणि तिची भूक कुठल्या पदार्थाची नसून कुठल्या माणसाची आहे, हे स्वयंपाकघरातून मला दिसत असे.

तांदळाचा पास्ता मागवून पाहिला. त्याचा लगदा झाला. मग एक व्हिडिओ दिसला. वजन उतरवू पाहणाऱ्या कुणा बाईंनी झुकिनीचे धागे पाडून त्यांचा पास्ता केला होता. 'आरोग्यदायी पर्याय' असं त्या हसून हसून सांगत होत्या. आमच्याकडे तर गोष्ट उलटी. आम्हाला वजन वाढवायचं होतं! तरीही मी यंत्र मागवलं. पांढरा सॉस केला, मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर लावून. धागे त्यात सोडले, झाकण ठेवलं आणि उत्सुकतेनं वाट पाहत उभी राहिले. झाकण काढलं तेव्हा भांड्यात पांढरं पाणी होतं आणि त्यात हिरवं गवत तरंगत होतं.

केतकीनं काटा फिरवला, एक घास घेतला, दुसरा घेतला. मग काटा खाली ठेवून, माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "मावशी, याला पास्ता नका म्हणू ना."

आवाज चढला नव्हता. घरात आल्यापासून तिनं माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी म्हटलं, "नाही म्हणणार. हा पास्ता नाहीच आहे. ही झुकिनी आहे."

"आणि पास्ता?"

"तो आईचा. तो आपल्याला आता करता येणार नाही."

ती रडली. आजारपणात, सुया टोचून घेताना, कधीच न रडलेली मुलगी ताटावर बसून हुंदके देऊन रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. तसं करण्याचा धीर झाला नाही. मी फक्त उठले नाही. सॉस गार झाला, वर साय धरली, आणि आम्ही दोघी बसून राहिलो. तिचं रडणं संपलं तेव्हा तिनं नाक पुसत विचारलं, "ही अशी पाणचट का लागते?"

त्या प्रश्नानं आमचा स्वयंपाक सुरू झाला, असं मी आज म्हणेन. झुकिनी पाण्यानं भरलेली असते, हे आम्ही मिळून शिकलो. धाग्यांना मीठ लावून ठेवावं, मऊ फडक्यात बांधून हलकेच पिळावं, कढई चांगली तापवावी आणि धागे जेमतेम परतून उतरवावेत. त्यांना शिजवायचं नसतं, नुसती आच दाखवायची असते. आणि पांढरा सॉस तर नकोच! लसूण, लाल मिरची, शेंगदाण्याचा जाडसर कूट, पनीर, वरून लिंबू. मूठ फिरवण्याचं काम केतकीनं आपल्याकडे घेतलं. हात कामात गुंतले की जीभ सैल होते, असा माझा अनुभव आहे. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते परातीकडे पाहत बोलता येतं. ती मूठ फिरवता फिरवता आईबद्दल बोलू लागली. आई गाताना शब्द विसरायची आणि तिथं मनाचे शब्द घालायची. आई पावभाजीत लिंबू पिळताना दर वेळी डोळे मिटायची. मी ऐकत असे. शुभांगीची मला असूया वाटायला हवी होती की काय, कोण जाणे! मला मात्र ती आवडू लागली होती. एके दिवशी केतकी सहज म्हणाली, "तू कूट जास्त घाल ना, मावशी." 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, ते तिच्या लक्षातही आलं नाही. मी कूट जरा जास्तच घातला.

कुणाच्या जागी येणं आणि कुणाच्या जवळ येणं, यांत केवढं अंतर आहे! जागा तर मोकळी नव्हतीच. ती कधी होणारही नव्हती. आणि जवळ यायला, पाहा, कुणाला उठवावं लागत नाही.

मग आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला मोठा मान. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि उपड्या खापरावर पुरणाचे मांडे होतात. आम्ही अक्कांच्या गावी गेलो. गिरणा नदीचं पात्र उन्हात पांढरं पडलं होतं. ओल्या फडक्यात गुंडाळून झुकिनी आणि ते यंत्र मी सोबत घेतलं होतं. अंगणात चूल धगधगत होती, अक्का दोन्ही हातांवर मांडा झेलत, पसरवत होत्या. गव्हाचं ते मऊसूत पीठ त्यांच्या कोपरांपर्यंत झिरझिरीत होत जाई आणि अलगद खापरावर उतरे. नणंदा, चुलतसासवा, त्यांची मुलं, सगळी पंगतीला बसली होती. केतकीला मी आधीच वाटीभर कोरडं पुरण आणि तूप काढून दिलं होतं.

अक्कांनी गरम मांड्याचा तुकडा दुधातुपात बुडवला आणि नातीपुढं धरला. "एक घास खाय व माय. एक घासमा काय व्हस?"

त्यात दुष्टावा नव्हता. वर्षाच्या सणाला, आई नसलेल्या नातीच्या तोंडात आपल्या हातचा घास जावा, एवढंच त्या म्हातारीला हवं होतं. आणि तो घास पोटात गेला तर पोर पुढचे किती दिवस कळवळेल, हे मला ठाऊक होतं. बोलले तर मी सावत्र. न बोलले तर कोण? मी म्हटलं, "नको, अक्का. तिला नाही चालत."

मागून एक चुलतसासू पुटपुटल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "सख्खी माय राहती ते पोरना तोंडमाईन घास काढती का?"

विलास काही बोलायला उठणार, तोच केतकीनं हात पुढं केला आणि अक्कांच्या बोटांतून तो घास घेतला. तिनं तो तोंडाकडे नेला नाही. ती वळली, माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आ कर."

मी बसल्या जागी मान वर केली.

"अक्का, हा घास हिला हवा," ती सगळ्यांकडे पाहत म्हणाली. "माझ्यामुळं हिनं पोळी सोडलीय. कॉलेजातसुद्धा डब्याला भाकरी नेते. मला माहितीय."

आणि तिनं तो घास माझ्या तोंडात घातला. मग शांतपणे नळाखाली जाऊन हात धुतले, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. आणि परत येऊन आपल्या वाटीतलं पुरण खाऊ लागली. किती दिवसांनी माझ्या जिभेवर गहू आला होता! दूध, तूप, गूळ, वेलची, खापराचा धुरकट वास. तो घास मी लवकर गिळलाच नाही. डब्यातली भाकरी मी कधी बोलून दाखवली नव्हती. मुलं काय काय पाहत असतात!

दुपारी केतकीनं यंत्र मांडून धागे पाडले. अक्का शेजारी येऊन बसल्या. "हाई काय शे व? दोराना गुंता?" म्हणत त्यांनी परतलेली झुकिनी चिमटीत धरून तोंडात टाकली, बराच वेळ चघळली, आणि निर्विकारपणे निकाल दिला, "बठ्ठं पानीच शे. पन लसूननं तिखट चांगलं शे." "सगळं पाणीच!" म्हणत केतकी खदखदून हसली आणि बहिणींबरोबर झोक्याकडे पळाली. कडुनिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर ती उंच उंच जात होती. गालांवर रंग आला होता, दंड भरले होते. अक्का तिच्याकडे पाहत होत्या, आणि मग, त्या दिवसात पहिल्यांदाच, माझ्याकडे पाहू लागल्या.

"पुढला आखाजीले नवं खापर आनसू," त्या म्हणाल्या. "गव्हाना हात लावाना नही त्याले. तांदूयना मांडा करी पाहसूत."

तांदळाचं पीठ तसं ताणलं जात नाही. ते हातावर पसरण्याआधीच तुटेल, हे मला ठाऊक होतं. आणि साऱ्या हयातीत मांडे केलेल्या अक्कांना तर माझ्याहून अधिक ठाऊक असणार. मी म्हटलं, "उकड काढून मळलं तर?" त्यांनी विचार केला, मान हलवली, म्हणाल्या की थोडं उडदाचं पीठ घालून पाहावं. चूल विझत आली होती. नवं खापर कुठल्या कुंभाराकडून आणावं, पीठ कितीसं ओलं असावं, मांडा अगदी लहान केला तर टिकेल का, असं बोलत आम्ही दोघी त्या सावलीत कितीतरी वेळ बसून राहिलो.